नॉइज घालवायचा, पण किती?

प्रश्न : नाटकांचे फोटो आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) ६४०० वर काढतो. एकच रॉ फाइल (कॅमेऱ्याने संस्कार न केलेली) लाइटरूम आणि डीएक्सओ फोटोलॅब या दोन सॉफ्टवेअरमध्ये उघडली, तर फोटोलॅबमध्ये ती उघडताक्षणीच स्वच्छ दिसते. तेच घ्यावं का?

घाई नको, ही तुलना बरोबरीची नाही. फोटोलॅब फाइल उघडतानाच आपल्या ठरलेल्या सेटिंगने नॉइज, म्हणजे फोटोतले दाणे आणि रंगीत ठिपके, कमी करतं. लाइटरूम मात्र रंगीत नॉइजला २५ लावतं आणि ल्युमिनन्स (उजेड-अंधाराच्या दाण्यांची सफाई) शून्यावर ठेवतं. म्हणजे एकाने अंघोळ केलीय, दुसरा अजून पारोसाच. फोटोलॅबमध्ये डीपप्राइम, लाइटरूममध्ये डीनॉइज ही एआयने नॉइज काढणारी साधनं लावा, दोन्हीकडचं शार्पनिंग बंद करा, उजेड सारखा करा आणि मग १०० टक्क्यांवर बघा. फरक बराच आटलेला दिसेल, कारण दोन्ही पद्धती डिमोझेइकिंग (सेन्सरच्या एकरंगी ठिपक्यांपासून पूर्ण रंग बनवणं) आणि नॉइज एकाच टप्प्यात हाताळतात. अगदी काळोख्या फोटोत मला डीपप्राइम एक्सडी, म्हणजे डीपप्राइमचीच जास्त ताकदीची आवृत्ती, उजवी वाटते. पण कधीकधी ती मुळात नसलेले बारकावेही रेखाटून ठेवते. नेपथ्यातली एखादी पाटी असेल तर तिची अक्षरं तपासा, लबाडी तिथे लगेच पकडली जाते.

लाइटरूमचं डीनॉइज ५० वर सुरू होतं. चेहऱ्यांसाठी मी ३० च्या वर सहसा जात नाही. रंगभूषेखालचा घाम दिसायलाच हवा.

आणि फोटो शेवटी कुठे जाणार, हेही बघा. २४ मेगापिक्सेलचा फोटो ६००० पिक्सेल रुंद असतो. तो २००० वर आणला की नऊ पिक्सेलांचा एक होतो आणि नॉइज ढोबळमानाने तिसऱ्या हिश्श्यावर येतो. फेसबुकवर टाकायच्या फोटोंना अनेकदा काही करावंच लागत नाही.

प्रश्न : लॅपटॉप जुना, ग्राफिक्स कार्ड नाही. फुकटातलं डार्कटेबल चालेल?

चालेल. त्यातलं ‘डीनॉइज प्रोफाइल्ड’ हे मॉड्यूल तुमच्या कॅमेऱ्याचं त्या आयएसओचं मोजमाप वापरतं. ते आपोआप चालू नसतं, हे लक्षात ठेवा. आधी रंगीत ठिपके घालवा आणि ल्युमिनन्सला जेमतेम हात लावा. एआयइतका सफाईदार निकाल मिळणार नाही, पण एआय डीनॉइज तुमच्या लॅपटॉपवर एकेका फोटोला कित्येक मिनिटं खाईल. लग्नाचे आठशे फोटो असतील तर विचारूच नका.

प्रश्न : जुन्या जेपीईजींवर हेच करता येईल?

निम्मंशिम्मं. कॅमेऱ्याने नॉइज आधीच पुसलेला आणि फोटो दाबून लहान केलेला असतो. सॉफ्टवेअरच्या हाती कच्चा माल उरत नाही.

प्रश्न : भंडारदऱ्याला काजव्यांचे फोटो काढले, तीस-तीस सेकंदांचे. नॉइज काढला की काजवेही जातात!

जाणारच. सॉफ्टवेअरला छोटा उजळ ठिपका म्हणजे नॉइजच वाटू शकतो. शिवाय लांब एक्सपोजरमध्ये सेन्सरचे हॉट पिक्सेल चमकतात, ते काजव्यांसारखेच दिसतात. आणि फ्रेम ‘लाइटन’ मोडमध्ये एकावर एक रचल्या, तर प्रत्येक जागी सगळ्या फ्रेमपैकी सर्वांत उजळ कण निवडला जातो, म्हणजे नॉइजही साठत जातो.

उपाय असा : कॅमेऱ्यातलं लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन बंद ठेवा, ते प्रत्येक फ्रेमनंतर तितकाच वेळ काळी फ्रेम घेतं आणि तेवढ्यात काजवे हुकतात. शेवटी लेन्सला झाकण लावून त्याच आयएसओवर, तीसच सेकंदांच्या चार-पाच फ्रेम घ्या. कॅमेरा गरम असतानाच, घरी येऊन नव्हे. त्यांची सरासरी प्रत्येक फोटोतून वजा केली की हॉट पिक्सेल जातात, काजवे राहतात. झाडं आणि आकाश यांच्यासाठी फ्रेमची सरासरी घेऊन वेगळा थर करा. हवं तर डीनॉइज त्या थरालाच लावा आणि काजव्यांचा (‘लाइटन’ने रचलेला) थर वरून ठेवा.