तंतुकणिका कॅल्शियम 'शोषतात' का?

सोलापुरातल्या नर्सिंगच्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे: हृदयाच्या स्नायुपेशीतल्या तंतुकणिका (मायटोकाँड्रिया, पेशीसाठी ऊर्जा तयार करणारे सूक्ष्म भाग) कॅल्शियम 'शोषतात' असं लिहिलं तर चालेल का? आणि पुढे त्याचं 'नियंत्रण' म्हणावं की 'नियमन'?

आतड्यातल्या अन्नरसासाठी 'शोषण' रूढ आहे, तिथे ते राहू द्या. इथे मात्र नको. शोषखड्ड्यात जेवढं पाणी येईल तेवढं जिरतं, त्याला नाही म्हणता येत नाही. तंतुकणिकेला म्हणता येतं. तिच्या आतल्या पटलाची आतली बाजू बाहेरपेक्षा सुमारे १५० ते १८० मिलिव्होल्टने ऋण असते, त्यामुळे धनभारित कॅल्शियम तिकडे ओढला जातो. पण वाट एकाच प्रथिनातून, युनिपोर्टरमधून, आणि त्याच्या तोंडाशी एमआयसीयू-१ हे दुसरं प्रथिन बसलेलं. आसपास कॅल्शियम कमी असेल तर ते वाट बंद ठेवतं, वाढलं की मोकळी करतं. (ही ओढ १९६०च्या दशकातच लक्षात आली होती, युनिपोर्टर नेमका कोणता हे कळायला २०११ उजाडलं.) म्हणून 'ग्रहण' बरं. त्याने सूर्यग्रहण आठवत असेल तर सरळ 'आत घेतात' लिहा, काही बिघडत नाही.

'तंतुकणिका' हा शब्द मला फार आवडतो. मूळ ग्रीक 'मितोस' म्हणजे सूत. सुतावर वाढलेल्या आपल्या गावाला तो परका वाटायचं कारण नाही.

आता दुसरा भाग. 'रक्तदाब नियंत्रणात आहे' म्हणताना आपल्या मनात चढणारी गोष्ट खाली दाबणं असतं. कॅल्शियमचं तसं नाही. तो आत गेला की इंधन जाळणारी काही विकरं (एन्झाइम) जोमाने चालतात आणि एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू, वाढतं. धावताना किंवा जिना चढताना हृदयाला तेच हवं असतं. प्रौढ उंदरांच्या हृदयातून युनिपोर्टर काढून टाकला तरी विश्रांतीत हृदय ठीक चालतं, पण अचानक ताण आला की ते जोर वाढवण्यात कमी पडतं. उलट कॅल्शियम अति झाला, जसा हृदयविकाराच्या झटक्यात तुंबलेली रक्तवाहिनी पुन्हा मोकळी होताना होऊ शकतो, तर आतल्या पटलात मोठं छिद्र उघडतं आणि पेशी मरू शकते. कमीही नको, जास्तही नको, आणि गरजेप्रमाणे बदलायला हवं: याला मराठीत 'नियमन' म्हणतात. 'नियंत्रण' अगदी चूक नाही, पण अर्धंच सांगतं.

प्रश्नात नव्हतं, पण लिहिताना लागेल म्हणून सांगतो. हृदयपेशीत, तंतुकणिकेच्या आत आलेला कॅल्शियम मुख्यतः सोडियमच्या बदल्यात तिच्याबाहेर परत जातो. त्याला 'उत्सर्जन' म्हणू नका, ते घामालघवीसाठी ठेवा. कॅल्शियम टाकाऊ नाही. पुढच्या ठोक्यांना तोच लागतो. 'बाहेर सोडणे' पुरे.