प्रस्तरारोहणात आधी ताकद वाढवावी की तंत्र?

पुल-अप्स सहज जमत असूनही कड्यावर वीस-पंचवीस फुटांतच तुमचे हात भरून येत असतील, तर माझ्या मते कमतरता ताकदीची नसून पायांच्या वापराची आहे. नवखा आरोहक होल्ड (हाताने पकडायची खाच किंवा उंचवटा) गरजेपेक्षा घट्ट आवळतो आणि कोपरे वाकवून लटकतो; त्यामुळे कोपराखालचे स्नायू सतत आकुंचित राहून त्यांतील रक्तप्रवाह दबतो. त्याऐवजी हात सरळ ठेवावेत, कंबर कड्याजवळ आणावी, बुटाच्या अंगठ्याकडील कडेवर भार घ्यावा आणि पाय नीट टेकेपर्यंत नजर त्या फूटहोल्डवरच (पाय ठेवायच्या जागेवरच) ठेवावी. ही शेवटची गोष्ट बहुतेक जण विसरतात.

सह्याद्रीच्या बेसॉल्ट खडकावर तर हे अधिकच महत्त्वाचे आहे. इथे सुटे होल्ड पुष्कळ असतात आणि नुसता जोर लावून बाहेर ओढणाऱ्याच्या हातात दगडच येऊ शकतो. म्हणून होल्ड आधी तळहाताने ठोकून पाहावा, आवाज पोकळ आला तर तो सोडून द्यावा आणि शक्यतो खालच्या दिशेनेच भार द्यावा.

ताकदीची गरज अर्थातच आहे. ओव्हरहँगवर, म्हणजे बाहेर झुकलेल्या कड्यावर, पाय कितीही नेमके ठेवले, तरी बोटांत पकड आणि पोटा-पाठीत बळ नसेल तर शरीर भिंतीपासून सुटते. मात्र स्नायूंच्या मानाने बोटांचे कंडरे (स्नायू हाडांना जोडणारे) व अस्थिबंध (हाडे एकमेकांना जोडणारे) फार सावकाश बळकट होतात. त्यामुळे सुरुवातीलाच फिंगरबोर्डवर (बोटांनी लटकण्याच्या सरावाच्या फळीवर) पूर्ण वजनाने लटकण्याची घाई करू नये. ताजेतवाने असताना सोप्या मार्गांवर, आवाज न करता पाय ठेवण्याचा सराव करावा आणि ताकदीचा व्यायाम त्यानंतर करावा.