वणव्यात गेलेले आणि मदतीला धावलेले: ‘ऑनर’ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न असा आलाय की कॅलिफोर्नियातल्या एका मराठी मंडळाला दिवाळीच्या कार्यक्रमात तिथल्याच पॅरडाइज गावातल्या वणव्याच्या स्मरणार्थ बोर्ड लावायचाय, मूळ इंग्रजी मजकूर ‘ऑनरिंग द व्हिक्टिम्स अँड फर्स्ट रिस्पॉन्डर्स’ असा आहे आणि कुणीतरी त्याचं ‘बळींचा व प्रथम प्रतिसादकांचा सन्मान’ असं करून दिलंय, तर हे चालेल का?

नाही चालणार. एकदा मोठ्याने वाचून बघा म्हणजे कळेल. सन्मान आपण जिवंत माणसाचा करतो, शाल-श्रीफळ देऊन. आणि ‘बळींचा सन्मान’ म्हटलं की, माफ करा, पण हार घातलेला बोकडच डोळ्यासमोर येतो.

खरी गोची ‘ऑनर’ची आहे. इंग्रजीत ते एकच क्रियापद गेलेल्यांनाही चालतं आणि असलेल्यांनाही, मराठीत पहिल्यांदा ठरवावं लागतं की माणूस आहे की गेला. गेलेल्यांना श्रद्धांजली किंवा आदरांजली, असलेल्यांचा सत्कार, गौरव, नाहीतर त्यांचे आभार. मग काही जण सोपा मार्ग म्हणून ‘मृतांना व अग्निशमन जवानांना भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहून मोकळे होतात, आणि ते तर अजूनच वाईट, कारण 8 नोव्हेंबर 2018 च्या त्या वणव्यात जे 85 जण गेले ते सगळे सामान्य नागरिक होते, बरेचसे म्हातारे, ज्यांना घरातून वेळेत निघताच आलं नाही. आग विझवायला गेलेल्यांपैकी काही जखमी झाले पण दगावलं कुणी नाही. त्यांना श्रद्धांजली म्हणजे चालत्याबोलत्या माणसाच्या फोटोला हार.

‘बळी’ हा शब्द मात्र मी सरसकट टाकून देणार नाही. बळी नुसता जात नाही, कुणीतरी तो घेतं किंवा कशाचा तरी तो असतो, हुंड्याचा बळी, खड्ड्याचा बळी. पॅरडाइजची आग लागली ती पीजी अँड ई या वीज कंपनीच्या जवळपास 100 वर्षं जुन्या वीजवाहिनीवरचा झिजलेला हुक तुटल्यामुळे, आणि 2020 मध्ये कंपनीने कोर्टात त्या 85 पैकी 84 मृत्यूंसाठी सदोष मनुष्यवधाचे 84 गुन्हे कबूल केले, तेव्हा एकेक नाव वाचलं जात होतं आणि कंपनीचा प्रमुख उभा राहून दर वेळी ‘दोषी’ म्हणत होता. त्या बातमीत ‘कंपनीच्या हलगर्जीपणाचे बळी’ असं लिहिलं तर एकदम चपखल. पण बोर्डावर आपल्याला आरोप करायचा नाहीये, म्हणून तिथे ‘प्राण गमावलेले’ बरं. आणि ‘गमावलेले’च, ‘वेचलेले’ नाही. प्राण वेचतो तो स्वतःहून, त्या 85 जणांनी काही वेचलं नव्हतं.

शहीद, हुतात्मा याचं पण तेच. 2013 साली ॲरिझोनात यार्नेलच्या वणव्यात एकाच तुकडीचे 19 अग्निशमन जवान गेले, तिथे शहीद म्हणा, कुणी हरकत घेणार नाही. आपल्याकडे 14 एप्रिल 1944 ला मुंबईच्या गोदीत फोर्ट स्टिकीन बोटीवर स्फोट झाले, त्यात मुंबई अग्निशमन दलाचे 66 जण गेले आणि म्हणून 14 एप्रिलला देशभर अग्निशमन सेवा दिन असतो, त्या दिवशी शहीद जवानांना मानवंदना देतात, ती शोभते. ‘हुतात्मा’ जरा जपून, कारण हुत म्हणजे अग्नीत अर्पण केलेलं. एरवी त्यातली आग कुणाला जाणवत नाही पण वणव्यात गेलेल्या माणसाच्या घरच्यांना जाणवेल. आपली श्रद्धांजलीची भाषा तशी सगळी आगीनेच भरलीये, प्राणज्योत मालवली काय, प्राणांची आहुती दिली काय, जीवनाचा होम केला काय. यातलं एकही त्या बोर्डावर नको.

आता ‘प्रथम प्रतिसादक’. हा शब्द मी आजवर कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही आणि ऐकायची इच्छाही नाही. बोलताना आपण बंबवाले म्हणतो, पोलीस म्हणतो, अँब्युलन्सवाले म्हणतो, सगळ्यांना मिळून एक नाव लागतच नाही. लागलंच तर ‘मदतीला धावून गेलेले’ आहे ना! यात गणवेशाची अट नाही, हे मला जास्त आवडतं, कारण पॅरडाइजमध्ये 22 मुलांना धुरातून बाहेर काढणारा शाळेच्या बसचा ड्रायव्हर होता, आणि हॉस्पिटल रिकामं करणाऱ्या नर्स होत्या, ते पण यात आपोआप बसतात. शिवाय तिथल्या कितीतरी पोलिसांची आणि अग्निशमनवाल्यांची स्वतःचीच घरं ड्युटीवर असताना जळाली. म्हणजे ‘व्हिक्टिम्स’ एकीकडे आणि ‘रिस्पॉन्डर्स’ दुसरीकडे अशी वाटणी तशीही होत नाही. घरदार गेलेल्यांना मराठीत बळी म्हणतच नाहीत, वणवाग्रस्त म्हणा, पूरग्रस्त-भूकंपग्रस्तच्या चालीवर, लगेच कळतं.

कुणीतरी ‘अभिवादन’ सुचवलंय. व्याकरणाने ते दोघांनाही चालतं, पण ‘विनम्र अभिवादन’ वाचलं की लोकांना जयंतीचा फ्लेक्स आठवतो, त्यामुळे मी घेणार नाही. एकाच क्रियापदात दोघांना कोंबायचा हट्ट सोडा आणि सरळ दोन वाक्यं करा:

‘पॅरडाइजच्या वणव्यात प्राण गमावलेल्या 85 जणांना श्रद्धांजली. त्या दिवशी मदतीला धावून गेलेल्या सगळ्यांचे आम्ही ऋणी आहोत.’

‘भावपूर्ण’ लावायची गरज नाही. आणि छापायला देण्याआधी ‘श्रद्धांजली’तला द्ध नीट बघून घ्या, आधी द मग ध, निम्म्या बोर्डांवर ‘श्रध्दांजली’ असतं.