वितरक म्हणतो "सोलापुरात फक्त तुम्हालाच माल देतो", पण परत घेणार नाही. घ्यावा का?

नवी पेठेतल्या तुमच्या दुकानासाठी एका नव्या अल्बमच्या 50 एलपी (मोठ्या तबकड्या), एका प्रतीची खरेदी 2,000 रुपये, विक्री 2,500, न खपलेला माल परत नाही आणि बदल्यात शहरात दुसऱ्या कुणाला पुरवठा नाही, असा तुमचा सौदा आहे. या अटींवर घेऊ नका, असंच मी सांगेन.

तुमचे 1 लाख रुपये अडकतात. ते नुसते सुटायलाच 40 प्रती पूर्ण भावाने खपाव्या लागतात, म्हणजे नफा फक्त शेवटच्या 10 प्रतींत. सगळ्यांना 10 टक्के सूट दिलीत की हाच आकडा 45 वर जातो. दुकानभाडं यात धरलेलंच नाही. शिवाय जीएसटीच्या कम्पोझिशन स्कीममध्ये (छोट्या व्यापाऱ्याने उलाढालीवर ठरावीक टक्के कर भरायची सोय) असाल तर खरेदीवरच्या कराचं क्रेडिट मिळत नाही, तो कर खरेदीदरातच मिळवा.

आता 'फक्त तुम्हालाच' याची किंमत काय ते बघा. एलपी घेणारं गिऱ्हाईक पुण्याहून मागवतं किंवा ऑनलाइन. वितरक स्वतः किंवा कंपनी ऑनलाइन विकणार असेल, तर या शब्दाला काही अर्थ उरत नाही. डिसेंबर 2013 मध्ये गायिका बियॉन्सेचा अल्बम पहिला आठवडाभर फक्त ॲपलच्या आयट्यून्स या ऑनलाइन दुकानात विकला गेला, तेव्हा अमेरिकेतल्या टार्गेट या दुकानसाखळीने त्याची सीडी ठेवायलाच नकार दिला. डिजिटल आधी निघालं की सीडीची मागणी आणि विक्रीचे अंदाज बिघडतात, हे त्यांचं कारण होतं. मला ते पटतं.

एक्सक्लुझिव्ह सौदे चालतच नाहीत असं नाही. 2008 च्या ऑक्टोबरात एसी/डीसी या रॉक बँडचा 'ब्लॅक आइस' अमेरिकेत वॉलमार्ट या दुकानसाखळीने एकट्याने विकायला घेतला आणि पहिल्या आठवड्यात 7 लाख 84 हजार प्रती गेल्या. पुढच्याच महिन्यात गन्स एन' रोझेस या बँडचा 'चायनीज डेमॉक्रसी' बेस्ट बाय या दुसऱ्या साखळीने तसाच घेतला. परत न करण्याच्या अटीवर सुमारे 13 लाख प्रती उचलल्याचं तेव्हा छापून आलं होतं. पहिल्या आठवड्यात खपल्या 2 लाख 61 हजार, आणि पुढे उरलेला माल मातीमोल भावाने काढावा लागला. दोन्ही नावं मोठी होती. फसला तो आकडा, आणि परतीची वाट बंद असल्याने तो दुरुस्त करायची सोय राहिली नाही.

परतीशिवाय माल घेण्यात सोलापूरला आणखी एक धोका आहे, आणि त्याकडे फारसं कुणी बघत नाही: उन्हाळा. मार्चमध्ये उचललेला माल मे महिन्यात पत्र्याखालच्या माळ्यावर पडला की एलपी वाकते. वरचं प्लॅस्टिक उष्णतेने आवळतं आणि कडा उचलतं. मग सुई वर-खाली होते, सूर हलतो, आणि सीलबंद प्रत असूनही गिऱ्हाईक परत आणून देतं. एलपी कायम उभ्या, सरळ ठेवा, एकावर एक रचू नका.

वितरकाकडून हे लेखी घ्या: एकट्याने विकायचा हक्क किती महिने, पंढरपूर-बार्शी धरून की नुसतं शहर, ऑनलाइन विक्री बंद की चालू, भाव उतरला तर शिल्लक मालावर फरकाची क्रेडिट नोट (तेवढी रक्कम तुमच्या खात्यात जमा), वाकलेली प्रत 7 दिवसांत बदलून, आणि किमान 30 टक्के माल 90 दिवसांत परत.

नाही म्हणाला तर हक्क सोडून द्या आणि 8-10 प्रतीच मागा. त्याआधी व्हॉट्सॲपवर नेहमीच्या गिऱ्हाइकांना विचारून 500 रुपये ॲडव्हान्स घ्या. तोंडी 'ठेवा माझ्यासाठी' मोजू नका, पैसे आलेल्या नावांवर दोन-तीन जादा धरा आणि तेवढ्याच मागवा.