लारा पुन्हा शून्यातनं: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

जुना गेम कंपनीनं पुसून नव्यानं सुरू केला, म्हणजे रीबूट केला, असा कुठला गेम तुम्हाला आवडला किंवा खटकला, असं मागच्या अंकात विचारलं होतं. टूम्ब रेडरवरच, म्हणजे लारा क्रॉफ्ट जुनी थडगी धुंडाळते त्या गेमवरच, लोक एवढं भरभरून बोललेत की यावेळचं पान लारालाच देऊन टाकलं.

प्रश्न: दादा नमस्कार. राजारामपुरीत माझं दुकान आहे, रात्री शटर ओढलं की तासभर गेम, एवढाच शौक. शाळेत असताना सायबर कॅफेत टूम्ब रेडरचा तिसरा भाग खेळलोय, त्यातलं ते इंडियाचं जंगल, माकडं, नाग, वाघ, आणि सहा हातांच्या मूर्ती जिवंत होऊन तलवारी घेऊन अंगावर येत्यात ते, सगळं अजून डोक्यात बसलंय. आता २०१३ चा नवा भाग संपवला. बेट लई भारी केलंय, लारा पावसात चिखलात पडती उठती ते बघून आषाढातला पन्हाळा-पावनखिंड ट्रेक आठवला. पण खेळताना सारखं वाटत होतं की ही आपली लारा न्हवं. उडी चुकतच न्हाय, आणि अर्ध्यानंतर नुसता धाड धाड गोळीबार. मित्र म्हणत्यात तू म्हातारा झालास. खरं सांगा, रीबूट चांगला हाय का माझंच कायतरी बिघडलंय?
एक वाचक, राजारामपुरी

उत्तर: भावा, तुझं काय बिघडलेलं नाय. फक्त तू दोन तक्रारी एकात गुंडाळल्यास. त्यातली गोळीबाराची मला पूर्ण पटते, उडीची अर्धीच पटते.

आधी उडीचं बघू. १९९६ चा पहिला गेम इंग्लंडमधल्या डर्बीच्या कोअर डिझाइन या स्टुडिओनं केला, तेव्हा अख्खी लेव्हल चौकोनांवर बांधलेली असायची. उभ्याउभ्या उडी मारली तर एक चौकोन, पळत मारली तर दोन, पळत मारून शेवटी हात टाकला तर तीन. काठापर्यंत चालत जायचं, एक उडी मागं घ्यायची, मग धावायचं, हे ज्यानं केलंय त्याला माहितेय की बटण दाबायच्या आधी पोटात कसा गोळा यायचा, कारण चुकली तर चूक तुझी, गेमला नावं ठेवायची सोय नव्हती. नव्या गेममध्ये कड्याच्या अंगानं उडी मारली की लारा आपोआप चिकटते, कुठं धरायचं तिथं पांढरे ओरखडे काढून ठेवलेत, आणि तरी कळलं नाही तर इन्स्टिंक्टचं बटण दाबलं की कामाच्या वस्तू उजळून दिसतात. म्हणजे भीती दिसते, पण हाताला लागत नाय. इथवर तुझं बरोबर.

पण त्या बदल्यात काय दिलं तेही बघ की. जुन्या लाराला वेदना नव्हती. पडली तर मेली नाहीतर ठणठणीत, मेडिपॅक घेतला की झालं. नवी लारा २१ वर्षांची पोरगी आहे, एन्ड्युरन्स नावाच्या जहाजावरनं पहिल्या मोहिमेला निघालेली, जहाज फुटतं आणि पहिल्या पाचदहा मिनिटांतच तिच्या कुशीत लोखंडी सळई घुसते, तिथनं पुढं ती चालते ते कुशीवर हात दाबून, थंडीनं कुडकुडत, कड्यावर पाठ लावून श्वास घेत. कॅमिला लडिंग्टननं तिचा आवाज केलाय, नुसतं त्या धापा टाकण्यासाठी तिला मानलं पाहिजे. अंगावरच्या जखमा आणि मळ गेमभर साठत जातात, शेवटाकडची लारा सुरुवातीच्या लाराशेजारी उभी केली तर ओळखायची नाय. रिआना प्रॅचेट मुख्य लेखिका होती, आणि लाराचं हे सोसणं लिहिताना कुठं हात आखडता घेतलाय असं दिसत नाय.

आणि तो रेडिओ टॉवर. ज्यांनी खेळला नाय त्यांच्यासाठी सांगतो, मदतीचा मेसेज पाठवायला डोंगरावरच्या जुन्या गंजलेल्या टॉवरवर चढायचं असतं, बस एवढंच, एकही शत्रू नाय, कोडं नाय, तू फक्त वर जात राहतोस आणि शिड्या निखळतात, वारा वाढतो, कॅमेरा हळूहळू लांब जातो आणि खाली बघितलं की अख्खं बेट. आता टेक्निकली बघितलं तर तिथं पडणं जवळपास अशक्य आहे. तरी माझे हात घामेजले होते. हे जुन्या गेमला जमलं नसतं, ते तंत्रच वेगळं.

बेटाबद्दल थोडं विषयांतर करतो, कारण मला त्याचा नाद लागला होता. गेममधल्या बेटाचं नाव यामाताई आणि तिथली जुनी राणी हिमिको, ही गेमवाल्यांनी हवेतनं काढलेली नाय. तिसऱ्या शतकातल्या चिनी बखरीत यामाताईच्या राणीचा उल्लेख आहे, आणि हे यामाताई नक्की कुठं होतं यावर जपानात अजून वाद चालतो, एक गट क्यूशू बेट म्हणतो, दुसरा नारा-क्योटोकडचा मुलूख म्हणतो. गेमवाल्यांनी तिसरंच काढलं, जपानच्या दक्षिणेला वादळांनी वेढलेलं बेट जिथनं कुणी बाहेर पडत नाय. त्यामुळं झालंय असं की एकाच डोंगरावर जुनी देवळं, खाली दुसऱ्या महायुद्धातले बंकर, शेजारी पडलेली विमानं, फुटलेली जहाजं, आणि त्या सगळ्या भंगारातनं आत्ताच्या लोकांनी उभी केलेली झोपडपट्टी, असा थरावर थर चढलाय. त्यासाठी मी सांगीन, पळत सुटू नको. कॅम्पवर परत जा, जुन्या जागी नवीन हत्यार घेऊन फिर.

आता तुझी दुसरी तक्रार, गोळीबाराची. इथं मी पूर्ण तुझ्या बाजूला. लारा पहिल्यांदा माणूस मारते तो प्रसंग आठव. झटापट, पिस्तूल, गोळी, आणि नंतर ती ओकारी आल्यासारखी थरथरत बसते. काय लिहिलंय ते! आणि दोन मिनिटांनी तीच पोरगी समोरच्याचं डोकं उडवते आणि स्क्रीनवर एक्सपीचे, म्हणजे अनुभवाचे, पॉइंट पडतात. अरे, आत्ता रडत होतीस ना बाई? पुढं शॉटगन येते, रायफल येते, त्या रायफलला ग्रेनेड लाँचर जोडला जातो, आणि सोलारी नावाच्या बेटावरच्या पंथाच्या टोळ्याच्या टोळ्या अंगावर सोडल्या जातात कारण अ‍ॅक्शन गेम म्हणून विकायचाय. धनुष्य मात्र एक नंबर. झाडाला लटकलेल्या प्रेताच्या अंगावरनं ती ते ओढून घेते तिथपासनं शेवटपर्यंत मी होता होईल तेवढा गेम धनुष्यावर काढला, अंधारात दबून, एकेकाला गाठून, आणि अचानक तोच गेम निम्म्यानं चांगला वाटायला लागला.

आणि थडगी! नाव टूम्ब रेडर, आणि शोधून शोधून थडगी सापडतात सात, तीही ऐच्छिक, प्रत्येकात एकच कोडं, ते सुटलं की पेटी उघड आणि चल बाहेर. मिसळ मागवली आणि कट चमच्यानं मोजून वाढला तर कोल्हापुरात हॉटेल चालेल काय? त्यातलं वाऱ्याच्या झोतावर चालणारं हॉल ऑफ असेन्शन बघितलं की आणखी चीड येते, कारण कोडी रचायची अक्कल त्यांच्याकडं होती हे तिथं स्पष्ट दिसतं, फक्त जागा दिली नाय. मल्टिप्लेअर घुसडलाय त्याच्यात, त्याच्याबद्दल बोलतच नाय.

मित्रांना सांग, लाराला पहिल्यापासून सुरू करायची ही पहिली वेळपण नाय. २००३ चा भाग आपटल्यावर गेम कोअरकडनं काढून क्रिस्टल डायनॅमिक्स या दुसऱ्या स्टुडिओला दिला आणि २००६ च्या लेजेंड नावाच्या भागात त्यांनी एकदा नवी मांडणी केलीच होती, २०१३ ही त्यांचीच दुसरी खेप. चार आठवड्यांत ३४ लाख विकला तरी गेम विकणारी कंपनी स्क्वेअर एनिक्स म्हणाली अपेक्षेपेक्षा कमी गेला. एवढा खर्च, एवढ्या अपेक्षा, मग कोडी कमी आणि स्फोट जास्त हे ओघानं आलंच असं मला वाटतं. माझं मत विचारशील तर गेम चांगला आहे, लारा एकटी असते तेव्हा लईच चांगला, पण तुला जुन्या उडीची तहान लागलेली असेल तर ती इथं भागायची नाय. त्यासाठी २०२४ च्या फेब्रुवारीत आलेला पहिल्या तीन भागांचा रीमास्टर, म्हणजे जुनाच गेम नव्या चित्रांत, घे, तुझं इंडियाचं जंगल त्यात आहे, एक बटण दाबलं की जुनं चित्र, परत दाबलं की नवीन. आणि कंट्रोल जुनेच ठेव, मॉडर्नवाल्यांच्या नादाला लागू नको.

प्रश्न: सर, मी गोकुळ शिरगावला कामाला आहे. लॅपटॉप जुना, ४ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. टूम्ब रेडर २०१३ चालेल का?

उत्तर: चालायला पाहिजे. जुना गेम असल्याचा हा फायदा, त्याची कमीत कमी मागणी विंडोज एक्सपी आणि साधा ड्युअल कोअर इथनं सुरू होते, रॅमची तुला अडचण नाय. रिझोल्यूशन ७२०पी, बाकी सगळं लो सेटिंगवर. आणि सेटिंगमध्ये केसांचा जो ऑप्शन आहे, ट्रेसएफएक्स, तो आधी बंद कर. एएमडीनं लाराचा एकेक केस वेगळा हलावा म्हणून ते बनवलं, दिसतं मस्त, पण चांगल्या चांगल्या मशीनचा त्यानं तेव्हा घाम काढला होता. डिस्कवर १२ जीबीच्या आसपास जागा ठेव. आणि पेनड्राइव्हवरनं क्रॅक, म्हणजे चोरीची कॉपी, आणू नको, सेलमध्ये हा गेम नाश्त्याच्या पैशात मिळून जातो.

प्रश्न: माझी मुलगी आठवीत आहे, मर्दानी खेळ शिकते, लाठी आणि दांडपट्टा छान चालवते. तिच्या मामेभावाकडे तिने हा गेम पाहिला आणि आता तोच हवा म्हणून मागे लागली आहे. मुलगी लढते आहे हे बघून मलाही बरं वाटलं. देऊ का?
एक आई, मंगळवार पेठ

उत्तर: ताई, आत्ता नको. दांडपट्टा फिरवणाऱ्या पोरीला लारा आवडणार यात नवल काय, पण या गेमला युरोपात १८ च्या पुढचं आणि अमेरिकेत १७ च्या पुढचं रेटिंग आहे आणि ते उगीच नाही. खेळणारा चुकला की लारा मरते ते फार वाईट दाखवलंय, एका ठिकाणी तर नदीच्या लोंढ्यात खांब थेट गळ्यातनं आरपार, आणि कॅमेरा हलत नाही. सुरुवातीला एक माणूस तिच्या अंगाला झोंबतो तो प्रसंगही आहे. मामेभाऊ किती वर्षांचा आहे तेही एकदा विचारून घ्या.

तोवर तिला लारा क्रॉफ्ट गो द्या. २०१५ साली मोबाइलवर आलेला, नंतर पीसीवरपण आला. आपण एक पाऊल टाकायचं, मग कोळी एक पाऊल टाकणार, अशी पटावरची कोडी आहेत, रक्तबिक्त काही नाही आणि डोकं मात्र चांगलंच लागतं. तुम्हीपण शेजारी बसा, दोघींत मिळून खेळायला मजा येते.

प्रश्न: २०१३ चा झाला, आवडला. पुढचे दोन घ्यावेत का आणि कुठल्या क्रमानं? मला मारामारीपेक्षा कोडी आवडतात.

उत्तर: मग तुझी चांदी आहे. आधी राइज ऑफ द टूम्ब रेडर, २०१५ चा, सैबेरियातल्या बर्फात हरवलेलं शहर शोधायचं, थडगी इथं जास्त आणि मोठी, लोकांची तक्रार ऐकली असं म्हणायला जागा आहे. मग शॅडो ऑफ द टूम्ब रेडर, २०१८ चा, तो आयडॉस मॉन्ट्रियल या स्टुडिओनं केला, मेक्सिकोत सुरू होतो आणि पेरूच्या जंगलात जातो. कथा मला राइजपेक्षा ढिली वाटली, लारा सारखी स्वतःला दोष देत बसते, पण थडगी तिन्हींत भारी, आणि मारामारी कमी केलीय. शिवाय त्यात मारामारी, फिरणं आणि कोडी या तिन्हींची डिफिकल्टी वेगवेगळी लावता येते. फिरणं हार्डवर ठेव, म्हणजे काठावरचा पांढरा रंग जातो आणि कुठं उडी मारायची ते तुझं तूच बघायचं, राजारामपुरीवाल्या भावानंपण हे वाचावं. मारामारी ईझीवर ठेवलीस तरी कुणी नावं ठेवणार नाय.