लॉरेन्सचं पत्र नंतर, आधी त्याची वही

अगं, हेन्री लॉरेन्सवरचा, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातला पुढारी आणि गुलामांचा व्यापारी, त्याच्यावरचा तुझा मसुदा काल रात्री वाचला. मेहनत दिसते, पण सुरुवातच तू त्याच्या ऑगस्ट १७७६ च्या पत्राने केलीस, ज्यात तो मुलाला लिहितो की गुलामगिरीचा मला तिटकारा आहे, आणि मग पुढचा सगळा लेख त्या एका वाक्यावर भाळलाय. मी आयुष्यभर लोकांचे हिशेब तपासले म्हणून सांगतो, माणसाचं पत्र नंतर वाचावं, आधी वही उघडावी.

दक्षिण कॅरोलायनातल्या चार्ल्सटन बंदरातल्या त्याच्या पेढीने १७५० च्या दशकात आफ्रिकेतून आणलेली ८,००० हून जास्त माणसं विकली. काम अडत्याचं. पश्चिम आफ्रिकेत सिएरा लिओनमधल्या बन्स बेटावरून रिचर्ड ओस्वाल्ड या ब्रिटिश व्यापाऱ्याने माणसं पाठवायची, यांनी ती भातमळेवाल्यांना विकायची, उधारी वसूल करायची आणि साधारण १० टक्के कमिशन कापायचं. तिकडच्या लोकांना भातशेती यायची ना, म्हणून त्यांना मागणी जास्त, म्हणजे बघ, हातातलं कसबच त्यांच्या मुळावर आलं.

१७५६ च्या जूनमध्ये 'हेअर' जहाज या पेढीकडे विक्रीची माणसं घेऊन आलं, त्यातली सहा पोरं एलायस बॉल नावाच्या मळेवाल्याने ६०० पौंडांना घेतली आणि स्वतःच्या वहीत अंदाजाने वयं टाकली: सँचो ९, पीटर ७, ब्रूटस ७, हॅरी ६, बेलिंडा १०, प्रिसिला १०. ही नावंसुद्धा त्यांच्या आईबापांनी ठेवलेली नाहीत गं. हॅरी सहा वर्षांचा. ती ओळ तुझ्या लेखात कुठेच नाही, मला तिथेच थांबावंसं वाटलं.

आणि ओस्वाल्डला तू एका वाक्यात उरकलंस, तसं करू नकोस. १७८० मध्ये इंग्रजांनी लॉरेन्सला समुद्रात पकडून टॉवर ऑफ लंडनच्या तुरुंगात डांबलं तेव्हा जामीन राहिला तो हाच, आणि १७८२ मध्ये पॅरिसला अमेरिका आणि इंग्लंड यांच्यात युद्ध संपवायच्या तहाची बोलणी झाली तर इंग्लंडकडून समोर बसलेला पण हाच. लॉरेन्स अमेरिकेकडून तिथे अगदी शेवटी पोचला आणि मसुद्यात एक गोष्ट घालून घेतली, की इंग्रज सैन्याने परत जाताना निग्रो किंवा इतर मालमत्ता नेऊ नये. ओस्वाल्डने मान्य केलं. तिटकाऱ्याचं पत्र लिहून तेव्हा सहा वर्षं झाली होती.

ते पत्र काढून टाक असं मी म्हणत नाही, ते खरं असेलही, फक्त हॅरीच्या नंतर आणि या कलमाच्या आधी घे, आणि नवीन मसुदा झाला की पाठव, मी वाट बघतोय.