मोडी कागदावरून मूळ गाव

प्रश्न : आमचे पूर्वज गायकवाडांच्या चाकरीला बडोद्यास आले. मूळ गाव कुणालाच ठाऊक नाही. पेटीत मोडीतले दोन कागद सापडलेत, सन मात्र अक्षरांत आहे. पुढे काय करावं? – एक वाचक, दांडिया बाजार

उत्तर : आधी कागदाला लॅमिनेशन करू नका, तो चिकटला की सुटत नाही. सपाट ठेवून दोन्ही बाजूंचे फोटो घ्या. मागच्या शेऱ्यात पुष्कळदा गावाचं नाव निघतं.

अक्षरांतला सन बहुधा शुहूर, म्हणजे मराठी दफ्तरात अरबी अंकनामांत लिहिला जाणारा सन असावा. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे १ + ६० + १०० + १०००, म्हणजे ११६१. हे वर्ष मृगाला, जूनच्या सुरुवातीला लागतं. म्हणून इसवी सन काढायला जून ते डिसेंबरच्या कागदाला ५९९ मिळवा, जानेवारीपासून पुढच्या कागदाला ६००. पानिपतची लढाई जानेवारी १७६१ ची; ११६१ + ६०० = १७६१, हिशेब जुळतो. तारखेआधीचा ‘छ’ चांद्र तिथीची खूण आहे, त्याला नाव समजू नका.

मोडीत शब्द तोडत नाहीत आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत. त्यामुळे गावाचं नाव चुकीचं लागू शकतं; ‘मौजे’, ‘तर्फ’, ‘परगणे’ या शब्दांपुढचं नाव दोघांकडून वाचून घ्या. आडनाव नसेल तर ‘बिन’ (म्हणजे ‘चा मुलगा’) पुढे बापाचं नाव असतं.

मग नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या, म्हणजे तिथल्या पुरोहितांच्या, यात्रेकरूंच्या घराण्यांची नोंद असलेल्या वह्या पाहा. त्या आडनाव आणि गावावरून लावलेल्या असतात, नुसत्या आडनावावर शोध अडतो. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची चाल असल्याने एका पिढीची गल्लत हमखास होते. भावांची नावंही जुळवून पाहा.